बोलून न दाखवणारे सिनेमे: अलीकडे काय पाहिलंत? (सांगली-मिरज)

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. गेल्या काही महिन्यांत पाहिलेल्या सिनेमांपैकी काहींनी इतकं धरून ठेवलंय की लिहिल्याशिवाय राहवत नाही. सगळे नवे नाहीत, काही मी उशिरा पाहिले. गोष्टीतले प्रसंग येणार आहेत, तेव्हा ज्यांना कोरं राहून पाहायचंय त्यांनी इथेच थांबा.

आपण सांगलीची माणसं. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये 'सीता स्वयंवर' केलं तेव्हापासून या गावाला नाटकाची सवय. पात्र पुढे येणार, मनातलं बोलणार, शेवटच्या अंकात कोणीतरी कोणाला तरी सुनावणार आणि आपण टाळी देणार. मला त्यात आजही आनंद होतो. पण हल्ली जे सिनेमे मला हलवून गेले त्यांत ती वेळच येत नाही. जिथे एखादं स्वगत यायला हवं तिथे माणूस भांडी घासायला घेतो, नाहीतर गाडीला किक मारून निघून जातो. आणि तरी प्रसंग संपल्यावर छातीवर काहीतरी बसलेलं असतं.

सगळ्यात जास्त बोलायचंय ते चैतन्य ताम्हाणेंच्या 'द डिसायपल'बद्दल. २०२० मध्ये व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात सर्वोत्कृष्ट पटकथेचा पुरस्कार मिळाला होता, पण शास्त्रीय संगीत आपल्याला झेपणार नाही म्हणून मी तो टाळत आले होते. शरद नेरुळकर हा मुंबईतला तरुण गायक. वडिलांचं गाणं अर्धवट राहिलेलं, ते त्याच्या अंगावर आलेलं. गुरुजींचे पाय चेपतो, त्यांना दवाखान्यात नेतो, मागे तानपुरा घेऊन बसतो. रात्री मोकळ्या रस्त्यांवरून मोटारसायकल चालवताना कानात गुरुजींच्या गुरू असलेल्या माईंची जुनी भाषणं असतात, आणि माई त्याला सांगत असतात की या मार्गावर एकटं आणि उपाशी राहायची तयारी ठेव. सुमित्रा भावेंचा तो आवाज. किती शांत, आणि किती कठोर!

शरद कुठेही कमी पडत नाही. कष्ट आहेत, निष्ठा आहे, सेवा आहे. फक्त ती एक गोष्ट येत नाही, आणि वय पुढे सरकत राहतं. गाणं न येणाऱ्या माझ्यासारखीलाही ते कळतं, कारण कॅमेरा हलत नाही. तो गातोय, समोर मोजकी माणसं बसलीत, कोणी वाईट म्हणत नाही, कोणी दादही देत नाही. त्या बेताच्या शांततेपेक्षा कोणीतरी उठून "बंद कर" म्हटलं असतं तर बरं झालं असतं असं मला वाटून गेलं.

माझं मत असं की त्याच्याकडे ते नव्हतंच, आणि हा सिनेमा प्रेमाने पण न सोडता ते सांगतो. तुम्हाला काय वाटतं?

दुसरा 'साबर बोंडं'. रोहन कानवडेंचा, २०२५ मध्ये सनडान्सला जागतिक विभागात मोठा ज्यूरी पुरस्कार मिळालेला. मुंबईत नोकरी करणारा आनंद वडील गेल्यावर दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी येतो आणि बालपणीचा मित्र बाळ्या याच्याजवळ पुन्हा जातो. दोन पुरुषांच्या प्रेमाची गोष्ट आहे हे आधीच माहीत होतं, म्हणून मी भांडणाची, रडारडीची, घराबाहेर काढण्याची वाट बघत होते. तसलं काही नाही. आहेत ते पाहुणे. "आता लग्नाचं बघा" म्हणणारे, अनवाणी राहा, हे खाऊ नको, ते खाऊ नको सांगणारे. आमच्याकडे तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जन झालं की अर्धी माणसं पांगतात, पण उरलेल्यांची ती कुजबुज अगदी हीच. आणि आई! जयश्री जगताप यांनी केलेली ही आई मुलाचं सगळं जाणून आहे आणि चारचौघांत त्याची बाजू कशी सावरायची हेही तिला ठाऊक आहे. पार्श्वसंगीत नाही, त्यामुळे घरातल्या बायकांचं बोलणं, शेळ्या, वारा सगळं ऐकू येतं. मराठी सिनेमातल्या आईला इतकी अक्कल फार कमी वेळा मिळाली आहे.

तुम्ही काय पाहिलंत ते लिहा. नुसती नावं नकोत, काय राहिलं मनात ते लिहा.

जवारी (मिरज)

ताई, धागा उत्तम. 'द डिसायपल'वर मी गप्प बसू शकत नाही, आमचं घरच तंतुवाद्यांचं.

आधी एक बाब. यात गाणारे खरे गाणारे आहेत. शरद झालेले आदित्य मोडक आणि गुरुजी झालेले अरुण द्रविड दोघेही गायक. द्रविड तर मोगूबाई आणि किशोरीताईंकडे शिकलेले. म्हणून तानपुऱ्यावर बोटं कशी पडतात, गळा साफ करताना हात कुठे जातो, यात खोटेपणा नाही. इतर सिनेमांत नट तानपुरा असा धरतो की आम्हाला बघवत नाही.

पण "त्याच्याकडे ते नव्हतंच" हे मला पटत नाही. आमच्याकडे तानपुरा घ्यायला शिष्य येतात. मंगळवेढा-पंढरपूरकडचा भोपळा असतो, तो वाळवून, कापून, दांडी जोडून, रंगरोगण होऊन वाद्य तयार होतं. पण खरं काम नंतरचं. घोडी, म्हणजे तारा टेकतात ती पट्टी, घासून जवारी (तारेचा गुंजणारा नाद) काढायची, तारेखाली सुताचा दोरा केसाएवढा इकडे-तिकडे करत राहायचा, मग कुठे तार बोलायला लागते. जवारी नीट निघाली नाही तर उत्तम लाकूडसुद्धा मुकं राहतं. शरदचं तेच झालंय. लाकूड चांगलं होतं. माईंच्या त्या ध्वनिफितींनी त्याला शुद्धतेची भीती घातली, आणि भिऊन गाणाऱ्याचा आवाज सुटत नाही. त्याला कोणी "चुकलास तरी चालेल, गा" असं म्हणालंच नाही.

मिरजेत अब्दुल करीम खाँसाहेबांची पुण्यतिथी दर्ग्यात दरवर्षी होते. ते १९३७ मध्ये गेले, त्यानंतरच्या किती पिढ्या तिथे सेवा म्हणून गाऊन गेल्या. मोठी नावं येतात, आणि ज्यांचं नाव कधी होणार नाही असेही येतात. त्यांच्याकडे बघून मला कधीच वाटलं नाही की यांचं आयुष्य वाया गेलं. सिनेमाचा दिग्दर्शक शरदला हे सुख देत नाही, एवढीच माझी तक्रार. एरवी सिनेमा खरा आहे, अंगाला लागतो इतका खरा.

हरिपूरकर

कृष्णाकाठ, लेख आवडला, पण नाटकाला तुम्ही थोडं लवकर बाजूला केलंत असं हौशी रंगभूमीवर केस पिकलेला माणूस म्हणून सांगतो. न बोलणं हीसुद्धा एक लकब होऊ शकते. हल्ली काही सिनेमांत पात्र खिडकीत उभं राहून बाहेर बघतं आणि आपण त्याला खोल समजायचं. शांततेच्या मागे काहीतरी दाबलेलं असावं लागतं.

त्याचं उदाहरण ताम्हाणेंचंच देतो, 'कोर्ट'. परवा पुन्हा पाहिला. ६२व्या राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरलेला. यात सुरुवातीलाच नारायण कांबळे हा लोकशाहीर स्टेजवर चढून खणखणीत गातो. आणि त्या बोलण्याचीच त्याला शिक्षा होते. गटारात उतरणारा एक सफाई कामगार मरतो, तर म्हणे तुझं गाणं ऐकून त्याने आत्महत्या केली. तिथून पुढे सगळा सिनेमा तारखा, जबान्या, कलमं वाचून दाखवणं. मोठ्या आवाजाचा माणूस त्या सरकारी पुटपुटण्यात बुडत जातो. म्हणजे इथल्या शांततेला कारण आहे. वीरा साथीदारांनी तो शाहीर केला. ते आणि तुमच्या 'डिसायपल'मधल्या माईंचा आवाज असलेल्या सुमित्रा भावे, दोघेही एप्रिल २०२१ मध्ये काही दिवसांच्या अंतराने गेले. मराठी सिनेमाचं त्या महिन्यात केवढं नुकसान झालं.

त्या कामगाराच्या बायकोची साक्ष ऐका. तो खाली उतरण्याआधी गटारात खडा टाकायचा. झुरळं बाहेर आली तर आत हवा आहे असं समजायचं. हे ती बाजारहाट सांगावी तशा आवाजात सांगते. आमच्या नाटकात मी हे वाक्य दिलं असतं तर नटीला सांगितलं असतं, इथे थांब, प्रेक्षकांकडे बघ. ती थांबत नाही म्हणूनच ते विसरता येत नाही. या बाबतीत तुम्ही म्हणता ते खरं.

आणि एक प्रसंग मला व्यक्तिशः लागला. सरकारी वकील नूतन (गीतांजली कुलकर्णी, काय काम केलंय!) रविवारी घरच्यांबरोबर मराठी नाटकाला जाते. रंगमंचावर परप्रांतीय मुलाला घराबाहेर काढतात आणि सभागृह टाळ्यांनी दणाणतं. ती बाई दुष्ट नाही. मुलाला पाळणाघरातून आणते, लोकलमध्ये घरगुती गोष्टी बोलते, घरी येऊन स्वयंपाक करते. तीच दुसऱ्या दिवशी कांबळेला वीस वर्षं आत टाका म्हणायला तयार. त्या टाळ्या मी भावे नाट्यमंदिरातल्या खुर्चीत बसून अनेकदा ऐकल्यात, आणि स्टेजवरून त्या मिळवायलाही धडपडलोय. टाळी कशाला पडते याचा हिशेब नाटकवाल्यांनी ठेवायला हवा.

तासगावची लेक

मी थोडक्यात लिहिते. जयंत सोमलकरांचा 'स्थळ' पाहिला. चंद्रपूरकडचं गाव, कापूस पिकवणारा बाप, एमपीएससी करायचं म्हणणारी सविता, आणि परत परत तेच: पाहुणे येतात, तिला समोर बसवतात, नाव काय, उंची किती, शिक्षण काय, आवड काय. तेच प्रश्न, तीच पोह्यांची बशी, माणसं फक्त वेगळी. सुरुवातीला तिचं स्वप्न आहे, त्यात बायका बसून मुलाला प्रश्न विचारतात. थिएटरात लोक हसले. मला हसू आलं नाही.

आमच्याकडे कापसाच्या जागी द्राक्षबाग आहे, एवढाच फरक. अवकाळी झाला, दर पडला की घरात पहिलं काय पुढे ढकललं जातं आणि काय लवकर उरकलं जातं, हे मुलींना विचारा. सवितावर कोणी हात उगारत नाही, सगळे तिचं भलंच बघतायत. म्हणून तर गुदमरायला होतं.

हरिपूरकर काका, तुमच्याच गावच्या देवलांनी १८९९ मध्ये 'शारदा' हे नाटक आणलं होतं ना? त्यात निदान सगळ्यांना दिसत तरी होतं की म्हातारा नवरा म्हणजे अन्याय. इथे अन्याय असा बोट ठेवून दाखवता येत नाही. नुसती उंची विचारली, यात काय वाईट, असंच म्हणतील.

हरिपूरकर

तासगावची लेक, बरोबर बोललीस पोरी. शारदेला रडायला आईजवळ जागा होती, मैत्रिणींत गाणं होतं. सविताला तेही नाही. आज रात्री बघतो हा सिनेमा.

गलाई (विटा)

मी सिनेमा कमीच बघतो, लिहितो त्याहून कमी. पण 'होमबाउंड' बघून झोप आली नाही म्हणून लिहितोय.

आमच्या खानापूर-आटपाडीकडची माणसं पिढ्यान्‌पिढ्या गलाईच्या धंद्यात. सोनंचांदी आटवायची, शुद्ध करायची. दुष्काळानं बाहेर काढलं ते भारतभर गेली. तुम्ही कुठल्याही मोठ्या शहराच्या सराफ कट्ट्यात जावा, मागच्या बोळात मूस आणि भट्टी घेऊन बसलेला आमचा माणूस सापडंल. मीबी तसाच, तमिळनाडूत होतो. मार्च २०२० मध्ये बंद झालं तेव्हा तिथंच अडकलो. दुकान बंद, खोलीत आम्ही पोरं, आणि गावाकडनं फोन की तुम्ही येऊ नका, गावाच्या वेशीवर काटे टाकलेत. जिल्ह्यात इस्लामपूरला सुरुवातीलाच पेशंट सापडले होते, त्यामुळं लोक लई घाबरलेले. नंतर पास काढून गाडीनं आलो तर सीमेवर ताटकळत ठेवलं. आपल्याच मुलखात परकं वाटणं काय असतं ते तिथं कळलं.

सिनेमात दोन दोस्त आहेत. एक चंदन, दलित, फॉर्मवर जात लिहायला कचरतो. दुसरा शोएब. दोघांना पोलीस व्हायचंय, कारण वर्दी घातली की कोण आडनाव विचारणार नाही असं त्यांना वाटतं. ते होत नाही, मग सुरतला कापडाच्या गिरणीत. मग लॉकडाऊन. ट्रकमधनं गावाकडं येताना चंदनला ताप भरतो, बाकीचे घाबरून त्याला उतरा म्हणतात, आणि शोएब त्याच्यासंगं उतरतो. ही गोष्ट खरी घडलेल्यावरनं घेतलीय, पेपरात तो रस्त्याकडंचा फोटो आपण सगळ्यांनी बघितलेला.

कृष्णाकाठ ताई, तुम्ही म्हणता न बोलणारे सिनेमे. हा बोलतो. रडवतो पण. विशाल जेठवा आणि ईशान खट्टर रडतात, ओरडतात. मला त्यात काय वावगं वाटलं नाही. आम्ही त्या खोलीत रडलो होतो, गप्प बसून खिडकीबाहेर बघत नव्हतो. ज्याच्यावर बेतलंय त्याला बोलू द्यावं की.

पण एक गोष्ट तुमच्या बाजूची सांगतो. चंदनच्या आईच्या टाचा. भेगा पडलेल्या. त्याच्यावर कोण भाषण देत नाही, नुसत्या दिसतात. माझ्या आईच्या तशाच आहेत. भुईमुगाच्या रानात गेलेल्या टाचा. मी फोनवर आईला म्हटलं, मलम पाठवतो. ती म्हणाली आता कशाला, पायाला सवय झाली.

कृष्णाकाठ

गलाई दादा, तुमचा प्रतिसाद वाचून बराच वेळ काही सुचलं नाही. तुमचं म्हणणं मला मान्य आहे. नीरज घेवान यांनी त्या दोघांना रडू दिलं ते योग्यच. आणि एक बघा: ते रडतात ते एकमेकांजवळ, आपल्याला दाखवायला नाही. ट्रकमधून उतरताना शोएब काही बोलत बसत नाही. उतरतो. माझा मुद्दा मी आता असा मांडेन की माणसाने काय केलं हे या सिनेमांत त्याने काय म्हटलं यापेक्षा आधी येतं. बोलणं असेल तर त्या करण्यातून येतं.

जवारी, तुमच्याशी मात्र वाद चालू ठेवते! एका उपाहारगृहात तो जुन्या रेकॉर्डी जमवणारा जाणकार शरदला माई आणि गुरुजींबद्दल काहीबाही सांगतो आणि शरद त्याच्या तोंडावर पाणी फेकतो, आठवतं? तुमचं म्हणणं खरं असतं, म्हणजे माईंच्या भीतीने तो अडला असता, तर त्या दिवशी तो मोकळा व्हायला हवा होता. देव मातीचे निघाले, आता गा बिनधास्त. तसं होत नाही. उलट तो आणखी आवळत जातो. म्हणून मला वाटतं अडसर बाहेरचा नव्हता.

जवारी (मिरज)

ताई, पाणी फेकतो तो मोकळा होणाऱ्या माणसासारखा नाही, देवघर वाचवणाऱ्या माणसासारखा. त्याने ते ऐकून पचवलं असतं तर सुटला असता. नंतर त्याच्याकडे एक विद्यार्थी आईला घेऊन येतो, कॉलेजच्या फ्यूजन बँडमध्ये गाऊ का विचारतो, तेव्हा शरद त्याला किती तोडून बोलतो बघा. जी भीती मिळाली तीच पुढे दिली. गुरू-शिष्य परंपरेत विद्या येते तशी ही भीतीही येते, आणि आमच्या क्षेत्रात यावर कोणी बोलत नाही. या सिनेमाने ते दाखवलं म्हणून मी तो सगळ्या शिकणाऱ्या पोरांना बघायला सांगतो.

रात्रपाळी

मिरजेत एका दवाखान्यात सिस्टर आहे. उशिरा लिहितेय.

पायल कपाडियांचा 'ऑल वी इमॅजिन ॲज लाइट' कोणी घेतला नाही म्हणून. २०२४ मध्ये कान महोत्सवात ग्रां प्री पुरस्कार मिळाला तेव्हा बातम्यांत नाव ऐकलं होतं, बघितला आत्ता. मुंबईतल्या दवाखान्यातल्या दोन मल्याळी सिस्टर, प्रभा आणि अनु, आणि स्वयंपाकघरात काम करणारी आपली कोकणातली पार्वती. मिरज दवाखान्यांचं गाव, केरळच्या सिस्टरबरोबर मी बरीच वर्षं काम केलंय. ड्यूटी संपल्यावर त्या कुठे जातात, खोलीत एकमेकींना किती सांभाळतात, भाडं कोण देतं, हे मी जवळून बघितलेलं. पडद्यावर पहिल्यांदा बघितलं.

प्रभाचा नवरा जर्मनीत. लग्न झालं, गेला, आता फोनही नाही. आणि एक दिवस पार्सल येतं, भाताचा कुकर. चिठ्ठी नाही, काही नाही. ती रात्री त्या कुकरला मिठी मारून बसते. मी रुग्णांचे नातेवाईक वर्षानुवर्षं बघतेय, दुःख माणूस कशावर काढेल सांगता येत नाही. गेलेल्या माणसाची चप्पल पिशवीत घालून नेणारे बघितलेत. त्यामुळे ते मला अजिबात विचित्र वाटलं नाही.

छाया कदमची पार्वती तर माझी मावशीच. बिल्डर घर पाडायला निघालाय आणि हिच्याजवळ कागद नाही, नवरा गेला त्याने काही सांगितलंच नव्हतं. कागद नाही म्हणजे तुम्ही इथे कधी राहिलाच नाहीत. मग ती आणि प्रभा रात्री जाऊन बिल्डरच्या जाहिरातीच्या फलकावर दगड मारतात आणि हसत सुटतात. २०१९ च्या पुरानंतर आमच्या ओळखीतल्या कितीजणींना पंचनाम्याच्या वेळी हेच ऐकावं लागलं, घर कोणाच्या नावावर? कृष्णेच्या पाण्यात घर गेलं ते खरं, पण मदत मिळवायला ते आधी असल्याचं सिद्ध करा.

शेवटी तिघी रत्नागिरीकडे जातात, तिथे सिनेमाचा सूर बदलतो. काहींना तो भाग संथ वाटेल. मला तिथेच श्वास घेता आला.

तासगावची लेक

रात्रपाळी ताई, कागदाचं अगदी खरं. आमच्याकडे सातबाऱ्यावर आईचं नाव लावायला किती वर्षं गेली. बघते हा.

पलूसकर

सगळं वाचलं, फार चांगली चर्चा. आईवडील सत्तरीच्या पुढचे आहेत, सिनेमा म्हणजे गाणी आणि गोष्ट असं त्यांचं गणित. यातला कुठला आधी लावू? 'साबर बोंडं' त्यांच्याबरोबर बसून पाहता येईल का?

कृष्णाकाठ

पलूसकर, आधी 'स्थळ' लावा. गोष्ट सरळ आहे, माणसं ओळखीची वाटतील, आई तर मध्ये मध्ये बोलू लागेल. 'होमबाउंड' त्यानंतर, पण झोपायच्या आधी नको. 'कोर्ट' वडिलांना आवडेल, जर त्यांनी कधी कोर्टाची पायरी चढली असेल.

'साबर बोंडं' जरूर पाहा, बरोबर बसूनच पाहा. मी माझ्या सासूबाईंबरोबर पाहिला. मला संकोच वाटत होता. त्या मध्येच म्हणाल्या, "त्या आईला सगळं कळलंय, बघ कशी गप्प राहून करतेय." नंतर त्या दोघा मुलांचं काय झालं असेल यावर आम्ही जेवताना बोललो.

जवारी (मिरज)

आणि 'डिसायपल' मोबाईलच्या स्पीकरवर लावू नका, एवढी हात जोडून विनंती. तानपुऱ्याचा खर्ज त्यात उतरतच नाही, मग नुसती किणकिण ऐकू येते आणि लोक म्हणतात कंटाळवाणं आहे. चांगले हेडफोन लावा नाहीतर टीव्हीला मोठा स्पीकर जोडा. आणि कोणाला तानपुरा जवळून ऐकायचा असेल तर मिरजेत सतारमेकर गल्लीत या. दुपारनंतर आम्ही जवारीचंच काम करत असतो.